शेखर, तुझं सूर्य-चंद्राचं कार्ड

तुझ्यावर दोनशे शब्द लिहून द्या म्हणाले. संस्थेची स्मरणिका निघतेय, मधल्या पानावर तुझा तो दाढीवाला फोटो आणि बाजूला आम्ही सगळे हळहळणारे. ते दोनशे शब्द मी काल देऊन टाकले. त्यात तू दिलदार आहेस, हसतमुख आहेस, समाजाचं देणं मानणारा आहेस. आमच्या अध्यक्षांना, टिपणीस साहेबांना, फार आवडलं. 'मॅडम, डोळ्यांत पाणी आणलंत,' असा मेसेजही आला. हे आता लिहितेय ते मात्र कुणाला द्यायचं नाही. हे तुझं तुला. शाळेत असल्यापासून तुझ्याशी बोलताना मी कधी शब्द तोलले नाहीत, तू मेलास म्हणून आता तोलायला लागणार नाही.

अठरा दिवस झाले. पहिले चार दिवस मी रडले, हे कबूल करते. पाचव्या दिवशी दवाखान्यात गेले, औषधाच्या खिडकीत बसले, आणि पहिल्याच पेशंटने तुझं कार्ड पुढे केलं. तेव्हापासून रडू थांबलंय आणि राग सुरू झालाय. दोन्ही एकदम येत नाहीत, हे एक बरं आहे.

तुला बोलावलं मीच, हे आधी लिहून टाकते, नाहीतर तू वरून ओरडशील. सुकापूरच्या त्या दोन गाळ्यांत आमचा दवाखाना. पेशंट बहुतेक तळोज्याच्या कारखान्यांतले, साखर आणि बीपीवाले. कुणाला वाचता येत नाही, कुणाला येतं पण चष्मा नाही, कुणाला फक्त ओडिया येतं. मी प्रत्येकाच्या पाकिटावर स्केचपेनने ताटली काढायची. भरलेली ताटली म्हणजे जेवणाआधी, रिकामी ताटली म्हणजे जेवणानंतर. दिवसाला सत्तर-ऐंशी पेशंट, बोटं दुखायची. मग तुला फोन केला, तुझी डिझाइनची फर्म ना. म्हटलं, शेखऱ्या, एक छापील कार्ड करून दे, पैसे नाहीत. तू म्हणालास, 'मंगले, तुझ्यासाठी जीव हाजीर.' आणि पुढे म्हणालास, 'तसंही आम्हाला वर्षाला एखादं प्रो बोनो लागतंच.' लागतंच! डब्यात लोणचं लागतं तसं वर्षाला एक फुकटचं काम लागतं म्हणालास. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तुझी टीम आली. तीन मुली, दोन मुलगे, सगळ्यांचे बूट पांढरे. त्यांनी भिंतींचे फोटो काढले, माझे काढले, रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या हातांचे तर किती काढले देव जाणे. माझी पाकिटं पाहून एक मुलगी म्हणाली, 'सो स्वीट!' तू एक पाकीट उचललंस, लांब धरलंस आणि विचारलंस, 'हा काय मेदुवडा आहे का गं?' सगळे हसले. मीही हसले. मला चित्र येत नाही हे मान्यच आहे, सगळ्या पनवेलला माहीत आहे. पण ती ताटली का काढली, हे तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. एवढे शिकलेले लोक, गाडी करून आलेले, फुकट करतायत, त्यांना आपण काय शिकवायचं, असं वाटलं. माझी चूक तेवढी. तेवढीच आहे, फार ताणू नकोस.

महिन्याने कार्ड आलं. सुंदर होतं, नाही म्हणणार नाही. खिशात मावेल एवढं, पाण्याने न भिजणारं. वर केशरी सूर्य, खाली निळा चंद्र, प्रत्येकासमोर गोळ्यांचे गोल. एक अक्षर नाही. टिपणीस साहेबांनी ते उजेडासमोर धरलं आणि म्हणाले, 'वा! याला म्हणतात साधेपणा.' मी खिडकीतून वाटायला सुरुवात केली.

आता यात काय चुकलं, ते तुला एकदा समजावलंय, परत समजावते, कारण आता तू मधे बोलू शकत नाहीस. तळोज्यात माणसाची सकाळ सूर्यावर ठरत नाही रे. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रात्रपाळी. रात्रपाळीचा माणूस सकाळी आठला घरी येतो. त्याचं जेवण झालेलं असतं पहाटे कँटीनमध्ये. घरी येऊन तो आंघोळ करतो आणि झोपतो. त्याची सकाळ संध्याकाळी पाचला होते. त्याला सूर्य दाखवून तू काय सांगतोयस? म्हणून मी ताटली काढत होते. माणूस कधीही उठो, कुठल्याही पाळीला जावो, जेवतो तर खरा.

बाळाराम तुला आठवतो? रंगाच्या कारखान्यातला, उंच, कानात भिकबाळी. रात्रपाळी करून घरी आला, कार्ड काढलं, सूर्य पाहिला, खिडकीबाहेर पाहिलं, तिथेही सूर्य. साखर उतरवायची गोळी घेतली आणि वर काही न खाता झोपला. दुपारी त्याची बायको त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन आली. 'बाय, आमी काय चुकीचं नाय केलं गो,' ती मला म्हणत होती. 'कार्डावर सूर्य हाय, तवाच घेतली त्यानं. उठवाया गेले तं घामानं वला, डोले फिरवतंय. मला वलखं बी नाय.' तिच्या हातात तुझं कार्ड होतं. ती ते मला दाखवत होती, आपली चूक नाही याचा पुरावा म्हणून. डॉक्टरांनी ग्लुकोज लावलं, तो वाचला. आणखी दोन तास झोपू दिला असता तर वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. त्या बाईला मी काय सांगायचं होतं? हे कार्ड तू दिल्लीला डिझाइनच्या स्पर्धेत धाडलंयस, असं?

त्याच संध्याकाळी तुला फोन करून बाळारामचं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आलास. एकटा आलास, टीम नाही, कॅमेरा नाही, हे तुझ्या खात्यावर लिहिते. माझ्या खिडकीशेजारच्या बाकावर दोन तास बसलास आणि येईल त्याला विचारलंस, 'काका, ही कधी घेता?' एक म्हणाला उठल्यावर. एक म्हणाला पाळीवर जाताना. एक म्हणाला, 'ही चांदवाली काय, ही मी पुनवंला घेतो.' तू हसला नाहीस. घाम पुसलास आणि मला म्हणालास, 'मंगले, तुझंच बरोबर होतं. ताटलीच पाहिजे.'

त्या दोन मिनिटांसाठी मी तुला अजूनही माणूस म्हणते.

मग चहा आला, आणि चहाबरोबर तुझी अक्कल परत आली. म्हणालास, 'पण एंट्री गेलीय गं. निकाल लागेपर्यंत थांब. कार्ड बदललं आणि ज्युरीतलं कुणी विचारायला आलं तर पंचाईत.' मी म्हटलं, माणसं मरतील. तू म्हणालास, 'तोवर तू खिडकीतून तोंडी सांग ना, तू आहेस ना.' म्हणजे बक्षीस तुझ्या कार्डाला, आणि ते कार्ड लोकांना मारू नये म्हणून पहारा माझा. बरी वाटणी होती.

तुला आणखी एक गोष्ट कधी बोलले नव्हते. बोलायचं ठेवलं होतं, म्हटलं पुढच्या भांडणाला कामाला येईल. टिपणीस साहेबांची द्रोणागिरीला गोदामं आहेत, तिथल्या पाट्यांचं काम त्यांनी तुला दिलं. आमच्या कार्डामुळेच दिलं, हे तूच सांगितलंस, मोठ्या आनंदाने. ते काम पैशाचं होतं. त्यासाठी तू काय केलंस? तीन दिवस त्या उन्हात उभा राहिलास. कंटेनरचे ड्रायव्हर कुठून वळतात, केबिनमधून त्यांना किती उंचीवरचं दिसतं, रात्री दिव्यात कुठला रंग मरतो, सगळं एकेकाला विचारून वहीत लिहून घेतलंस. नाक सोलवटून आलास आणि मला अभिमानाने सांगितलंस, 'मंगले, वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय मी रेघ मारत नाही.' ट्रकला गोदामाचं दार सापडावं म्हणून तीन दिवस, आणि माणसाला गोळी नीट घेता यावी म्हणून मेदुवड्याचा एक विनोद. तुझा मला सगळ्यात जास्त तिटकारा आला तो त्या दिवशी, शेखर. कसं करायचं ते तुला येत नव्हतं असं नाही. येत होतं आणि तू ते आमच्यावर खर्च केलं नाहीस.

आमची संस्था काही धुतल्या तांदळाची नाही. कार्ड हातात आल्यावर आमच्यात जो झगमगाट आला तो बघण्यासारखा होता. अहवालाच्या मुखपृष्ठावर कार्ड, बॅनरवर कार्ड, साहेबांच्या फाइलवर कार्ड. देणगी द्यायला कंपन्यांची माणसं यायला लागली. त्यांना पेशंटमध्ये बसायला आवडायचं नाही, कार्ड हातात धरायला आवडायचं. मी प्रत्येक कार्डावर मार्करने सूर्य-चंद्र खोडून ताटल्या काढायला लागले, तर साहेबांचा निरोप आला, 'मॅडम, कार्ड विद्रूप करू नका, पाहुणे फोटो काढतात.' मग मी वेगळी पाकिटं परत सुरू केली. म्हणजे तू यायच्या आधी जे चाललं होतं तेच, वर तुझं कार्ड ओझ्याला.

आणि तरीही, खोटं कशाला बोलू? त्या फोटोंवरच इन्सुलिन ठेवायचा फ्रीज आला. आधी आम्ही ते वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनींच्या फ्रीजमध्ये, भाजीच्या कप्प्यात ठेवायचो. साखर तपासायची चार यंत्रं आली. डॉक्टर आठवड्यातून दोनऐवजी चार दिवस यायला लागले. तुझ्या चुकलेल्या कार्डाने जेवढं आणलं तेवढं माझ्या बरोबर ताटल्यांनी दहा वर्षांत आणलं नव्हतं. याचा मला किती संताप येतो ते तुला सांगता येणार नाही. त्या फ्रीजचं दार उघडलं की थंड हवा तोंडावर येते, तेव्हा मी तुला शिवी देते आणि मग आभार मानते. रोज. दिवसातून पाच-सहा वेळा तरी.

बक्षीस मिळालं. तू स्टेजवर म्हणालास, 'हे बक्षीस त्या पेशंटचं आहे.' मी मोबाइलवर पाहिलं. बाळारामला दाखवलं. त्याने विचारलं, 'मंग आमाला का नाय बोलावलं?' मी म्हटलं, तुझी पाळी असेल. दुसऱ्या दिवशी तुला फोन केला, की आता निकाल लागला, आता बदल. तू म्हणालास, 'अगं लगेच? कसं दिसेल ते? दिवाळीनंतर बघू.' दिवाळी झाली. मी भांडण उकरून काढलं, तू माझ्यावर ओरडलास, 'फुकट करतोय ना तुझं! आणखी किती मागशील?' मी फोन ठेवला. ते आपलं शेवटचं बोलणं. दोन महिने मी रुसून बसले होते, तूही. नेहमीसारखं तूच आधी काहीतरी फालतू विनोद पाठवशील म्हणून मी थांबले होते. आणि त्याऐवजी तुझ्या बायकोचा, अनघाचा, फोन आला, तू गेल्याचा.

हे मेलं रुसणं मला नडलं. तुझ्यावर रागवायचा मला पूर्ण हक्क होता, पण फोन करायला हवा होता.

कारण तू नुसता हलकट नव्हतास ना. तसा असतास तर सोपं झालं असतं. बारावीला माझ्या जीवशास्त्राच्या जर्नलमधल्या सगळ्या आकृत्या तू काढल्यास, जास्वंदाच्या फुलाचा तो छेद तर बाईंनी वर्गात फिरवला. त्या जर्नलवर मी फार्मसीला लागले. आणि आमचे हे गेले तेव्हा. आमच्या सोसायटीच्या फळ्यावर वॉचमनने कसंबसं खरडलं होतं, यांचं नाव अर्धं पुसलेलं. तू जिना चढून वर येण्याआधी तिथेच थांबलास, वॉचमनकडे खडू मागितलास, सगळा फळा ओल्या फडक्याने पुसलास आणि त्यांचं नाव पुन्हा लिहिलंस. असं लिहिलंस की जाणारा-येणारा उभा राहून वाचायचा. वर आलास तेव्हा हात खडूने पांढरे. मी तो फळा महिनाभर पुसू दिला नाही. गणपतीची वर्गणी लिहायला जागा नाही म्हणून सेक्रेटरी कुरकुरला, तरी नाही. ते काम तू कुणाला दाखवायला केलं नव्हतंस. तो माणूस कुठे जायचा रे, पांढऱ्या बुटांची पोरं बरोबर असली की?

तर आता ऐक, तुझ्यामागे काय झालं ते. टिपणीस साहेबांनी तुझ्या स्मरणार्थ पाच हजार कार्डं नव्याने छापायची ठरवली. मागे तुझा फोटो, पुढे तेच सूर्य-चंद्र, 'मूळ स्वरूपात, कोणताही बदल न करता'. मी मीटिंगमध्ये उभी राहिले. बाळारामचं सांगितलं. साहेब म्हणाले, 'मॅडम, तो एक अपवाद. आणि आता त्यात हात घालणं म्हणजे त्यांचा अपमान. फर्म आता अनघाताई बघतात. त्या म्हणाल्या तर बदलू. माझी काय हिंमत?' फार छान सापडलं होतं त्यांना ते हिंमत नसणं.

परवा दुपारी तुझ्या घरी गेले. तुझ्या फोटोला हार, आणि खाली, देवासमोर ठेवतात तसं, तेच कार्ड उभं केलेलं. अनघा बारीक झालीय. कपडे नीट इस्त्रीचे होते, पण केस विंचरलेले नव्हते. मी सरळ विषय काढला, मला वळणं घेता येत नाहीत. कार्ड बदलायचंय म्हटलं.

ती म्हणाली, 'मंगलताई, तेवढं राहू द्या ना. बाकी सगळी कामं क्लायंटसाठी केली त्याने. हे एकच मनापासून केलं होतं.'

मनापासून! माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं. तिला रात्रपाळी समजावली, ताटली समजावली. मग बाळाराम सांगितला, रिक्षा, घाम, त्याच्या बायकोच्या हातातलं कार्ड. ती ऐकत होती. मधेच तिने ते कार्ड उचललं आणि मांडीवर पालथं ठेवलं.   मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, 'शेखरला हे माहीत होतं?'

शेखऱ्या, तेव्हा मला माझ्या बाकावर बसलेला तू दिसलास, घाम पुसणारा. आणि 'एंट्री गेलीय गं' म्हणणारा. आणि 'आणखी किती मागशील' म्हणणारा. सगळं माझ्याकडे होतं, तारखांसकट. खरं सांगितलं असतं तरी कार्ड बदललंच असतं. शरमेने बदललं असतं तिने. आणि त्यानंतर रोज त्या फोटोसमोर दिवा लावताना तिला काय वाटलं असतं, ते मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं.

मी म्हटलं, 'नाही गं. बाळारामचं झालं ते मी त्याला कधी सांगितलंच नाही. आमचं भांडण चालू होतं ना. माझाच हट्ट नडला. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी स्वतः छापखान्यात जाऊन बसला असता तो. ओळखतेस ना तू त्याला?'

'तेच,' ती म्हणाली. 'तेच म्हणत होते मी.' मग मोठ्याने रडली. रडतानाच फोन उचलला आणि टिपणीस साहेबांना सांगितलं, की शेखरला हे कळलं असतं तर त्याने एक दिवस सहन केलं नसतं, कार्ड आजच्या आज बदला, मंगलताई सांगतील तसं. माझ्याकडे वळून म्हणाली, 'तुम्ही त्याला सांगायला हवं होतं हो.' तिच्या आवाजात राग होता. तो मी ऐकून घेतला.

कार्ड छापायला गेलंय. भरलेली ताटली, रिकामी ताटली. तुझ्याच टीममधल्या पोरीने काढलीय, त्या 'सो स्वीट'वालीने. या वेळी दोन दिवस माझ्या बाकावर बसून काढलीय. मागे तुझा फोटो आणि खाली नाव, संकल्पना तुझी म्हणून. तुझ्या बायकोच्या नजरेत, पेशंटच्या, टिपणीसच्या, सगळ्यांच्या नजरेत तू आता तसा माणूस झालास, जसा तू असायला हवा होतास. मी केला तुला तसा, एका दुपारी, एक धडधडीत खोटं बोलून. त्यात कुठेही कच्चं राहू दिलं नाही. फुकट केलं, शेखर, पण नीट केलं.